ओरॅकलचं इनिट्रान्स, पोस्टग्रेसचं फिलफॅक्टर आणि पिग्मीची संध्याकाळ

डेटाबेस घेताना गिऱ्हाईक रॅम विचारतं, लायसन्सची किंमत विचारतं, बॅकअप कुठे जाणार तेही विचारतं. टेबलाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे डेटाबेस डिस्कवर ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत माहिती ठेवतो त्या एकेका तुकड्यात, किती जागा मोकळी सोडणार, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. संध्याकाळी सहाला फोन येतो तो मात्र बहुतेक वेळा त्याच जागेपायी.

मी सांगली-कोल्हापूर भागातल्या पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळते. काही ग्राहक ओरॅकल या विकतच्या डेटाबेसवर आहेत, बहुतेक १९सी या आवृत्तीवर. काही पोस्टग्रेस या फुकटच्या डेटाबेसवर आले आहेत. सॉफ्टवेअर तेच, टेबलं तीच, एजंटांची गर्दीही तीच. त्यामुळे तुलनेची सोय आयतीच झाली. हे परीक्षण अख्ख्या ओरॅकलचं किंवा अख्ख्या पोस्टग्रेसचं नाही, तेवढा माझा आवाकाही नाही. टेबल तयार करताना शेवटी ज्या दोन-तीन साठवणीच्या सेटिंग लिहिता येतात आणि ज्या सगळे डिफॉल्टवर सोडून देतात, तेवढ्यांपुरतं आहे. एकाच वेळी पुष्कळ ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारे किंवा एकत्र रद्द होणारे बदलांचे गट) अंगावर आले की त्या सेटिंग काय करतात, एवढाच प्रश्न.

घाईत असाल तर निकाल इथेच देते. नेमकं कुठे अडलंय हे सांगण्यात ओरॅकल सरस. सेटिंग बदलण्याच्या सोयीत आणि खर्चात पोस्टग्रेस सरस. आणि सगळे एकाच रेकॉर्डवर तुटून पडत असतील तर दोघांचीही कुठलीच सेटिंग उपयोगाची नाही, आकडे कितीही फिरवा.

आता भार कसला ते सांगते, कारण त्याशिवाय सेटिंगवर बोलणं म्हणजे हवेत गप्पा. पिग्मी एजंट दिवसभर बाजारपेठेत फिरतो, दुकानदारांकडून रोजची रक्कम घेतो, हातातल्या मशीनवर पावती फाडतो. संध्याकाळी शाखेत येऊन मशीनमधला डेटा चढवतो आणि रोख भरतो. साडेपाच ते साडेसात या दोन तासांत सगळे एजंट एकदम. एका एजंटचं चढवणं म्हणजे एक ट्रान्झॅक्शन: शंभर-दीडशे खात्यांच्या नोंदी, तितक्याच खात्यांची शिल्लक बदलायची आणि दिवसाच्या सारांशाच्या टेबलात त्या एजंटचा एक रेकॉर्ड भरायचा.

खरी गंमत या सारांशाच्या टेबलात आहे. सकाळी दिवस उघडताना प्रत्येक एजंटचा एक रेकॉर्ड घातला जातो: तारीख, शाखा, एजंट क्रमांक. बाकीचे रकाने रिकामे. दिवसभरात ते भरत जातात: मशीन क्रमांक, पहिली पावती, शेवटची पावती, जमा, रोख, फरक, शेरा. म्हणजे सकाळी पंचवीस-तीस बाइटचा असलेला रेकॉर्ड संध्याकाळी ऐंशीचा होतो. टेबल इवलंसं, मोठ्या संस्थेतही चारेकशे एजंट. असल्या टेबलाकडे कोण लक्ष देणार? मॅनेजर साहेबांच्या फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, सर्व्हर तर निवांत बसलाय, सीपीयू दहा टक्क्यांवर नाही, तरी मशीन चढेनात."

आधी ओरॅकल.

ओरॅकलचा ब्लॉक साधारण ८ केबीचा असतो. प्रत्येक ब्लॉकच्या डोक्याशी एक छोटी यादी असते, आमच्या भाषेत आयटीएल. दवाखान्याच्या दारावर नंबर लावायची पाटी असते ना, तशीच. ब्लॉकमधल्या कुठल्याही रेकॉर्डला हात लावायचा असेल, तर ट्रान्झॅक्शनने आधी त्या यादीत आपलं नाव लिहायचं. रेकॉर्डच्या माथ्यावर फक्त एक बाइट असतो, "मला यादीतल्या अमुक क्रमांकाने धरलंय" एवढं सांगणारा. ओरॅकलचं रो-लॉकिंग (एकेक रेकॉर्ड अडवून धरणं) इतकं स्वस्त आहे ते याच कारणाने. लॉकची वेगळी मोठी नोंदवही मेमरीत ठेवावी लागत नाही, लाख रेकॉर्ड धरले तरी लॉक वरच्या पातळीला चढत नाही, म्हणजे अख्खं टेबल अडत नाही. ही रचना मला मनापासून आवडते आणि याचे गुण मी पूर्ण देते.

अडचण पाटीवर ओळी किती, इथे येते. इनिट्रान्स ही सेटिंग म्हणजे सुरुवातीच्या ओळींची संख्या. डिफॉल्ट टेबलासाठी १ आणि इंडेक्ससाठी (टेबलात पटकन शोधायची सूची) २. टेबलाच्या ब्लॉकमध्ये प्रत्यक्षात दोन मिळतात, डिक्शनरीत, म्हणजे ओरॅकलच्या स्वतःच्या नोंदवहीत, मात्र १ दिसतो. यापेक्षा जास्त ट्रान्झॅक्शन एकाच वेळी आले तर ओरॅकल यादी वाढवतं, पण ब्लॉकमध्ये जागा मोकळी असेल तरच. एका ओळीला २४ बाइट लागतात. तेवढेही उरले नसतील तर नवा येणारा थांबतो. त्याला हवा असलेला रेकॉर्ड पूर्ण मोकळा असतो, त्याला कुणी धरलेलं नसतं, तरीही तो थांबतो. यादीतला कुणीतरी कमिट करेपर्यंत, म्हणजे आपलं काम पक्कं करून मोकळा होईपर्यंत.

मग ही जागा कोण खातं? इथे दुसरी सेटिंग येते, पीसीटी-फ्री. नवीन रेकॉर्ड घालताना ब्लॉकचा किती टक्के भाग मोकळा सोडायचा ते ती ठरवते, डिफॉल्ट १०. म्हणजे आठेकशे बाइट, म्हणजे यादीच्या तीस-बत्तीस ओळी. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण ही जागा यादीची एकटीची नाही, रेकॉर्ड फुगले तर तेही हीच जागा वापरतात. आमच्या टेबलात सकाळी एका ब्लॉकमध्ये दोन-अडीचशे किरकोळ रेकॉर्ड जाऊन बसतात, कारण तेव्हा ते किरकोळच असतात. दुपारपासून ते फुगू लागतात. संध्याकाळपर्यंत ब्लॉक काठोकाठ भरतो, काही रेकॉर्ड तर मागे पत्ता ठेवून दुसऱ्या ब्लॉकमध्ये राहायला जातात. आणि नेमक्या त्या वेळी सगळे एजंट दारात. यादी वाढायला २४ बाइटही नाहीत.

रकाने आधीच शून्याने भरून ठेवले की फुगणार नाहीत, असं सुचवणारे भेटतात. ओरॅकलचा नंबर प्रकार मूल्याप्रमाणे लहान-मोठा होतो. शून्य आणि बारा हजार तीनशे पंचेचाळीस यांना सारखी जागा लागत नाही. त्यामुळे तो उपाय अर्धाच.

हिशेब सरळ आहे. रेकॉर्ड शेवटी जितका होणार त्यातून सुरुवातीचा वजा करा, शेवटच्या आकाराने भागा, शंभराने गुणा. ऐंशीतून अठ्ठावीस गेले बावन्न, म्हणजे ६५ टक्के. त्यावर यादीसाठी थोडं धरून आम्ही पीसीटी-फ्री ७५ ठेवतो आणि इनिट्रान्स २०. एका ब्लॉकमध्ये साठ-पासष्ट एजंट, चारशेंना सहा-सात ब्लॉक. साठ केबीही होत नाहीत. तरी "पंच्याहत्तर टक्के जागा वाया?" असं कुणीतरी विचारतंच. हो साहेब, पंचेचाळीस केबी वाया. तुमच्या शाखेच्या लोगोचं चित्र याहून मोठं आहे.

हाच आकडा मोठ्या टेबलाला लावू नका, हे मात्र निक्षून सांगते. वीस लाख खात्यांच्या टेबलात रेकॉर्ड फारसे फुगत नाहीत आणि दोन ट्रान्झॅक्शन एकाच ब्लॉकमध्ये भेटण्याचा योगही क्वचित येतो. तिथे १० टक्के ठीक आहे, इनिट्रान्स ४-५ केलं तरी पुरे. इनिट्रान्समध्ये दिलेल्या ओळी प्रत्येक ब्लॉकमध्ये कायमच्या राखून ठेवल्या जातात. लाखो ब्लॉक असतील तर तो खर्च दिसू लागतो, आणि अख्खं टेबल वाचायला जास्त ब्लॉक वाचावे लागतात.

ओरॅकलला मी सर्वात जास्त गुण देते ते निदानाला. थांबण्याच्या या प्रकाराला १०जी या आवृत्तीपासून स्वतःचं नाव आहे: "एन्क्यू: टीएक्स - अलोकेट आयटीएल एन्ट्री". रेकॉर्ड दुसऱ्याने धरल्यामुळे थांबणं वेगळ्या नावाने दिसतं: "रो लॉक कन्टेन्शन". दोघांमध्ये गल्लत होतच नाही. शिवाय व्ही-डॉलर-सेगमेंट-स्टॅटिस्टिक्स या व्ह्यूमध्ये (ओरॅकलच्या तयार तक्त्यात) "आयटीएल वेट्स" हा आकडा टेबलागणिक आणि इंडेक्सागणिक मिळतो. कुठल्या टेबलाच्या पाटीवर गर्दी झाली ते नावासकट. हा व्ह्यू फुकट आहे. एडब्ल्यूआर या ओरॅकलच्या कामगिरीच्या अहवालातही हाच भाग नीट मांडलेला असतो, पण एडब्ल्यूआर वापरायला डायग्नॉस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं आणि ते एंटरप्राइझ आवृत्तीवरच मिळतं. स्टँडर्ड आवृत्तीवाल्यांनी स्टॅट्सपॅक हे तशाच अहवालाचं जुनं साधन बसवावं. जुनाट दिसतं, पण काम करतं.

एक उपद्रव नोंदवून ठेवते, कारण त्यावरून डेव्हलपर आणि डेटाबेस सांभाळणारे डीबीए यांच्यात भांडणं होतात. आयटीएलच्या टंचाईतून डेडलॉकही होतो, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट बघत अडकतात; ओरॅकलच्या चुकांच्या यादीत ओआरए-०००६०. डेव्हलपर शपथेवर सांगतो की दोन्ही ट्रान्झॅक्शन एकाच रेकॉर्डला हात लावत नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर असतं. एकाला या ब्लॉकच्या यादीत जागा हवी, दुसऱ्याला त्या ब्लॉकच्या, दोघं एकमेकांच्या वाटेत. ट्रेस फाइलमध्ये (डेडलॉकची तपशीलवार नोंद) थांबलेला माणूस एक्स (एकट्यासाठीचा लॉक) ऐवजी एस (वाटून घेता येणारा लॉक) मोडमध्ये दिसला, तर या शक्यतेकडे बघा. युनिक इंडेक्सच्या (तेच मूल्य दोनदा येऊ न देणाऱ्या) भांडणातही एस दिसतो, पण नेहमीच्या रेकॉर्डच्या भांडणात नाही.

आता गुण कापायची जागा. इनिट्रान्स बदलायला ऑल्टर टेबल एका ओळीत होतं, लगेच. पण ते फक्त पुढे तयार होणाऱ्या ब्लॉकना लागू. जुने ब्लॉक होते तसेच. ते बदलायचे तर टेबल मूव्ह करावं लागतं, म्हणजे पुन्हा लिहून काढावं लागतं, आणि साध्या मूव्हनंतर त्यावरचे सगळे इंडेक्स निकामी होतात, ते पुन्हा बांधायचे. १२.२ पासून चालू कामकाजात टेबल मूव्ह करता येतं, इंडेक्सही टिकतात, पण इंडेक्स ऑनलाइन बांधण्यासारख्या असल्या सोयी एंटरप्राइझ आवृत्तीच्या. लहान संस्थेला रात्रीचीच वेळ. आमचं सारांशाचं टेबल सुदैवाने रात्री इतिहासात हलवून ट्रंकेट (पूर्ण रिकामं) होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे ब्लॉक नव्या आकड्याने तयार होतात आणि मूव्हची गरजच पडत नाही. तुमच्याकडे असं टेबल असेल तर उगाच मूव्हच्या मागे लागू नका.

इंडेक्सचं प्रकरण आणखी खडूस आहे. इंडेक्सच्या ब्लॉकमधली पहिली ओळ ब्लॉक फुटताना (भरलेल्या ब्लॉकचे दोन होताना) लागणाऱ्या अंतर्गत कामासाठी राखीव असते. म्हणजे इनिट्रान्स २ दिसलं तरी तुमच्या ट्रान्झॅक्शनसाठी हक्काची ओळ एकच. आणि इंडेक्सला पीसीटी-फ्री फक्त तो बांधताना लागू होतं, पुढे रोजच्या भरतीत त्याची कुणी पर्वा करत नाही. तारखेने किंवा वाढत्या क्रमांकाने सुरू होणाऱ्या इंडेक्समध्ये सगळी भरती उजव्या टोकाच्या एकाच ब्लॉकमध्ये होते, तिथे झुंबड ठरलेली. मी इंडेक्सचं इनिट्रान्स टेबलाहून थोडं जास्तच ठेवते, पण फार नाही. ब्लॉक फुटताना नव्या ब्लॉकमध्ये जुन्याची यादीही जाते, एकदा लांबलेली यादी मग पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि इंडेक्स सुजतो. खरंच गर्दी असेल तर इंडेक्सचं हॅश पार्टिशन करा, म्हणजे भरती अनेक तुकड्यांत विखुरते, पण पार्टिशनिंगलाही वेगळे पैसे. ओरॅकलमध्ये शेवटी बोलणं पैशावर येतंच.

जुन्या सल्ल्यांपासून सावध राहा. मॅक्सट्रान्स, म्हणजे यादीच्या ओळींची कमाल संख्या, वाढवा असं कुठेतरी वाचाल. १०जी पासून ती सेटिंग गुंडाळली गेली, कमाल २५५ आपोआप धरली जाते. फ्रीलिस्ट, म्हणजे मोकळ्या ब्लॉकच्या याद्या, वाढवा असंही वाचाल. टेबलस्पेस (टेबलं जिथे साठवली जातात ती जागा) ऑटोमॅटिक सेगमेंट व्यवस्थापनाची असेल, म्हणजे मोकळ्या जागेचा हिशेब ओरॅकल स्वतः ठेवत असेल, आणि आता ती असतेच, तर फ्रीलिस्टच्या आकड्याला काही अर्थ नाही.

आता पोस्टग्रेस. इथे मी सुरुवातीला इनिट्रान्स शोधत बसले होते, कारण हाताला तीच सवय. नाहीच ते. पानाच्या (पोस्टग्रेस ब्लॉकला पान म्हणतं) डोक्यावर ट्रान्झॅक्शनची यादी नाही, त्यामुळे यादीत जागा नाही म्हणून थांबणंही नाही. प्रत्येक रेकॉर्ड आपली कुंडली स्वतःच्या माथ्यावर घेऊन फिरतो: कुणी जन्माला घातलं, कुणी मारलं किंवा धरलं. त्यासाठी रेकॉर्डमागे २३ बाइट जातात, जुळवणी धरून २४. ओरॅकलमध्ये २४ बाइट ट्रान्झॅक्शनमागे, इथे रेकॉर्डमागे, तेही कायमचे. लहान रेकॉर्डच्या टेबलात हा भार जाणवतो. पण संध्याकाळी पाटीवरची ओळ संपली म्हणून कुणी अडत नाही, आणि ओरॅकलवर हात पोळलेल्या माणसाला हे ऐकूनच बरं वाटतं.

फुकट मात्र काही नाही. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुना रेकॉर्ड तिथेच ठेवून नवा लिहिणं. ओरॅकल जुनी प्रत अनडू या वेगळ्या जागेत ठेवतं, पोस्टग्रेस टेबलातच. म्हणून इथे साठवणीचा प्रश्न "यादीला जागा आहे का" असा नसून "नव्या प्रतीला त्याच पानावर जागा आहे का आणि जुन्या प्रती कोण झाडणार" असा आहे.

पहिल्या अर्ध्याचं उत्तर फिलफॅक्टर. टेबलासाठी डिफॉल्ट १००, म्हणजे पान गच्च भरायचं. नुसती भर पडणाऱ्या टेबलाला हे योग्यच, आमच्या व्यवहारांच्या नोंदींचं टेबल शंभरावरच आहे. पण सतत अपडेट होणाऱ्या टेबलाला शंभर म्हणजे प्रत्येक नवी प्रत दुसऱ्या पानावर जाणार आणि टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद घालावी लागणार. २००८च्या ८.३ आवृत्तीपासून हॉट अपडेट नावाची सोय आहे: नवी प्रत त्याच पानावर मावली आणि इंडेक्स असलेला कुठलाच रकाना बदलला नसेल, तर इंडेक्सला हातच लावला जात नाही. शिवाय अशा मेलेल्या प्रती पान नेहमीच्या कामात उघडलं की जाता जाता छाटल्या जातात, व्हॅक्यूमची, म्हणजे पोस्टग्रेसच्या झाडलोटीची, वाट बघावी लागत नाही. सारांशाच्या टेबलाला आम्ही फिलफॅक्टर ५० दिलंय, खात्यांच्या टेबलाला ८५.

या सोयीत एक मेख आहे, ती बहुतेक ठिकाणी सापडते. कुणीतरी कधीतरी "शेवटचा बदल" या वेळेच्या रकान्यावर इंडेक्स टाकलेला असतो, एखाद्या अहवालासाठी, जो अहवाल आता कुणी काढत नाही. प्रत्येक अपडेटला तो रकाना बदलतो, झालं, हॉट बंद. फिलफॅक्टर मग दहा ठेवा की नव्वद, सारखंच. पीजी-स्टॅट-यूजर-टेबल्स या पोस्टग्रेसच्या तयार तक्त्यात एकूण अपडेट आणि हॉट अपडेट शेजारी-शेजारी दिसतात. पाच मिनिटांचं काम. एका ग्राहकाकडे खात्यांच्या टेबलावरचा असा इंडेक्स काढला आणि जवळजवळ शून्यावर असलेलं हॉटचं प्रमाण बहुतांश झालं, सेटिंगमधला एकही आकडा न बदलता. १६व्या आवृत्तीपासून ब्रिन प्रकारच्या इंडेक्सचा यात अडथळा होत नाही, तेव्हा वेळेच्या रकान्यावर इंडेक्स हवाच असेल तर तो विचार करा.

दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर ऑटोव्हॅक्यूम, आणि त्याचे आकडे टेबलागणिक देता येतात ही पोस्टग्रेसची माझी सर्वात आवडती सोय. डिफॉल्ट असं: मेलेल्या प्रती ५० अधिक टेबलाच्या २० टक्के झाल्या की झाडायला यायचं. चारशे रेकॉर्डच्या टेबलात १३० प्रतींवर पाळी येते, छान. वीस लाख खात्यांच्या टेबलात मात्र चार लाख पन्नासवर. तोवर संध्याकाळ संपलेली असते. त्या टेबलापुरतं हे प्रमाण ०.०२ केलं की आकडा चाळीस हजार पन्नासवर येतो, आणि झाडलोट थोडी थोडी, वेळेवर होते. हे बदल करताना टेबलावरचं वाचन-लेखन थांबत नाही. भर दुपारी काउंटर चालू असताना करता येतं, ओरॅकलवरून आलेल्या माणसाला आधी खरंच वाटत नाही.

फिलफॅक्टरचं जुनं दुखणं मात्र इथेही तेच: जुनी पानं आपोआप बदलत नाहीत. व्हॅक्यूम फुल केलं तर टेबल पुन्हा लिहिलं जातं, पण तोवर वाचायलाही कुणाला आत येता येत नाही. पीजी-रिपॅक हे एक्स्टेन्शन तेच काम चालू टेबलावर करतं, आम्ही तेच वापरतो. वेगळं बसवावं लागतं, पैसे लागत नाहीत.

व्हॅक्यूमचा खरा शत्रू सेटिंगमध्ये नसतो, उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये असतो. सहा वाजता कुणी पीजी-डम्प (पोस्टग्रेसचा बॅकअप) लावलं, तर ते संपेपर्यंत त्यानंतर मेलेली एकही प्रत झाडता येत नाही, कारण डम्पला सुरुवातीच्या क्षणाचं चित्र शेवटपर्यंत हवं असतं. ऑडिटरचा मोठा अहवाल, तीच गोष्ट. फिलफॅक्टरने सोडलेली जागा मग तासाभरात भरते आणि हॉट अपडेट निमूट बंद पडतात. बॅकअप रात्री हलवा. काहीही न करता ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलेल्या सेशनला हाकलायची वेळमर्यादा ९.६ पासून आहे, डिफॉल्ट बंद असते, ती चालू करा.

निदानात मात्र पोस्टग्रेसचे गुण कापावे लागतात. रेकॉर्डसाठी थांबलेलं सेशन "ट्रान्झॅक्शनआयडी" किंवा "टपल" या नावाने थांबलेलं दिसतं, पानावरची झटापट "बफरकन्टेन्ट" म्हणून दिसते. कळतं, पण कुठल्या टेबलाने किती वेळ खाल्ला याची टेबलागणिक बेरीज ओरॅकलसारखी तयार मिळत नाही. आपणच दर काही सेकंदांनी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी (आत्ता कोण काय करतंय याची यादी) टिपून ठेवायची आणि सकाळी मोजायची. आमचा नवा मुलगा ते करतो. त्याला ओरॅकल माहीत नाही, म्हणून तक्रारही नाही.

आता ज्या गोष्टीला दोघांकडेही सेटिंग नाही ती. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शाखेच्या रोख शिल्लकेचा एक रेकॉर्ड असतो आणि प्रत्येक व्यवहार त्यात भर घालतो. वीस एजंट, एक रेकॉर्ड. इथे इनिट्रान्स शंभर करा, फिलफॅक्टर दहा करा, एकामागे एक रांग लागणारच. पोस्टग्रेससोबत येणारं पीजीबेंच हे भार टाकून बघायचं साधन यासाठी उत्तम शाळा आहे. त्याच्या टेबलांत शाखा, टेलर आणि खाती असतात, अगदी आपल्यासारखी. स्केल १ म्हणजे एक शाखा, दहा टेलर, एक लाख खाती, आणि प्रत्येक व्यवहार शाखेच्या रेकॉर्डला हात लावतो. वीस क्लायंट (एकाच वेळी जोडलेले वापरकर्ते) लावून स्केल १ वर चालवलंत तर डेटाबेसची ताकद मोजलीच जात नाही, एका रेकॉर्डची रांग मोजली जाते. म्हणूनच त्याच्या कागदपत्रांत स्केल निदान क्लायंटांइतका ठेवा असं सांगितलंय. फिलफॅक्टर देऊन टेबलं तयार करायचा पर्यायही त्यात आहे. दोन्ही एकदा करून बघा: स्केल न वाढवता फिलफॅक्टर बदला, आणि फिलफॅक्टर न बदलता स्केल वाढवा. कुठला आकडा हलतो ते डोळ्यांनी दिसेल, मग मला फोन करायची गरज नाही.

तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी भांडण एकाच रेकॉर्डवर आहे की एकाच ब्लॉकमध्ये, हे ठरवा. रेकॉर्डवर असेल तर उपाय सॉफ्टवेअरमध्ये. पहिला आणि बिनखर्चाचा: सारांशाचा आणि शाखेचा अपडेट ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला असेल तर शेवटी न्या, कमिटच्या अगदी आधी. लॉक काही सेकंदांऐवजी काही मिलिसेकंद राहतो. यानेच निम्मे फोन बंद होतात, आणि हे ओरॅकलमध्ये आयटीएलच्या यादीलाही तितकंच लागू आहे, कारण यादीतली ओळही कमिटपर्यंतच अडते. दुसरा उपाय, शाखेची बेरीज एका रेकॉर्डऐवजी आठ रेकॉर्डांत विभागून ठेवा, एजंट क्रमांकाप्रमाणे वेगवेगळ्या रेकॉर्डात भर घाला, दाखवताना बेरीज करा. रोख तपासणाऱ्या कॅशियरला एकच आकडा दिसतो, आतली भानगड त्याला कळायचं कारण नाही.

परकीय किल्ली (फॉरेन की, एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डशी बांधणारा दुवा) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: पोस्टग्रेस ९.३ आधी नोंद घालताना मूळ खात्याच्या रेकॉर्डवर जो लॉक लागायचा तो त्या खात्याच्या अपडेटला अडवायचा. आता किल्लीपुरता हलका लॉक लागतो, शिल्लक बदलायला अडचण येत नाही. अजून त्याआधीच्या आवृत्तीवर कुणी असेल, तर फिलफॅक्टर राहू द्या, आधी आवृत्ती बदला.

गुण द्यायचे तर ओरॅकलला निदानासाठी पाचपैकी पाच, डिफॉल्टसाठी दोन, बदलण्याच्या सोयीसाठी एंटरप्राइझवर चार आणि स्टँडर्डवर दोन. पोस्टग्रेसला निदानासाठी तीन, डिफॉल्टसाठी तीन, बदलण्याच्या सोयीसाठी साडेचार. नवीन संस्था उभी राहत असेल तर मी पोस्टग्रेस सांगते, या सेटिंग टेबलाच्या व्याख्येतच लिहून. ओरॅकल आधीच घेतलेलं असेल तर निव्वळ आयटीएलच्या त्रासापायी ते सोडू नका, दोन आकड्यांचं काम आहे.

ओरॅकलच्या २३एआय आवृत्तीत शिल्लकेसारख्या रकान्याला "रिझर्व्हेबल" म्हणता येतं. मग भर घालणारे ट्रान्झॅक्शन तो रेकॉर्ड अडवून न ठेवता आपली वाढ-घट नोंदवतात आणि कमिटला ती लागू होते. शाखेच्या रोख शिल्लकेला हे अगदी मापाचं आहे. आमचे ओरॅकलवाले ग्राहक अजून १९सी वर आहेत, तोवर शाखेमागे आठ रेकॉर्ड आम्हीच सांभाळतो.